नत्थूजी मास्तरांची कोरी पानं

अडलेल्या बाळंतिणीला विष पाजण्याचा सल्ला मी दिला आहे, आणि तोही कोशात बघून.

तेव्हा मी शाळेत मास्तर होतो, संसार नवा होता, आणि सुटीच्या दिवसांत गोंदियाच्या वाचनालयात दुपारचा बिनपगारी मदतनीस. ग्रंथपाल नत्थूजी मास्तर समोर चहाला गेले होते. तेवढ्यात नागरा गावचा एक धानकरी शेतकरी दारात आला. हातात नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद.

"बाबूजी, हे कळलावी होय. सुनेले कालपासून कळा येऊन राहिल्या, सुटका नाही. डॉक्टर गावाले गेला. बजारात एकानं हे देल्लं. पाजू का वरून लावू? आमची बुढी मेली, घरी सांगनारं कोनी नाही. तुमच्या किताबात पाहा ना."

मला बाबूजी म्हणणारा तो पहिलाच. मी ऐटीत कपाटातला सगळ्यांत जाडा शब्दकोश काढला. त्यात एक ओळ होती : एक वेल, हिचा कंद औषधी. "औषध आहे," मी कोश धपकन मिटून म्हणालो, "उगाळून पाजा." तो माझ्या पाया पडून गेला. मला आणखीच बरं वाटलं.

मास्तर आल्यावर मी ही कामगिरी मिशीला पीळ देत सांगितली. मिशी तेव्हा नीट फुटलीही नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "कोनता कोश पाहिला?" मी बोट दाखवलं.

"अबे, तो शब्दाचा कोश होय! त्याले पोट का माहीत?"

आणि साठीचा, गुडघा सुजलेला तो माणूस अनवाणी पळत सुटला. उन्हाळ्यातली दुपार, रस्ता तव्यासारखा, आणि मागून मी त्यांच्या वहाणा हातात घेऊन. नशीब म्हणा, रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपत नव्हती आणि धानकऱ्याची बैलगाडी तिथंच थांबलेली. मास्तरांनी कंद हिसकून नालीत फेकला. "हे पोटात गेलं तं दोन जीव जातीन! तो पोट्टा का वैद होय?" पोट्टा म्हणजे मी. मग दवाखान्यातल्या दाईला जवळजवळ ओढूनच टांग्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. संध्याकाळी धानकऱ्याच्या सुनेला मुलगी झाली. आई-लेक दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला कपाटासमोर उभं केलं, वर्गात पोराला करतात तसं.

"आधी प्रश्नाचं तोंड पाहायचं, मंग कोशाची पाठ. शब्दाचा अर्थ पाहिजे, शब्दकोश. मानूस कोन होता, चरित्रकोश. साहेबाची चिठ्ठी वाचाची, इंग्रजी-मराठी. झाडाचा गुन पाहिजे तं निघंटु, तो वरच्या फळीवर धूळ खाऊन राहिला. कोश खोटा नाही बोलत. पन साक्षीदारावानी विचारलं तेवढंच सांगते. तू चुकीच्या साक्षीदाराले विचारलं, अना निकाल देऊन मोकळा झाला!"

ते ओरडत होते. त्यांचा राग अख्ख्या गोंदियाच्या ओळखीचा होता. "तो जाडा कोश द्या" म्हणणाऱ्याला ते विचारत, "जाडा कायले? उशाले घेता का?" प्रस्तावना न वाचता कोश उघडणाऱ्याच्या हातून पुस्तक काढून घेत. कोश शोभेला कुलपात ठेवा म्हणणाऱ्या कमिटीच्या शेठजींना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "कुलूप तुमच्या तिजोरीले लावा. येथं लोकं मरतीन."

पण प्रत्येक कोशाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं कोरी पानं शिवली होती. कोशात नसलेलं जे कुणी सांगेल, ते तिथं लिहायचं, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. गोंडीण असो, मासे धरणारा ढीवर असो, नावाशिवाय ओळ नाही.

माझ्याशी ते दोन महिने बोलले नाहीत. शेवटी मीच धीर करून सांगितलं की त्या दिवशी घरी हा पराक्रम ऐकून बायको म्हणाली होती, "आमच्या अर्जुनीत लेकरूही कळलावी तोंडात नाही घालत. मले विचारलं असतं तं काय नाक कापलं असतं तुमचं?"

मास्तर हसले नाहीत. "नाव काय बाईचं?" एवढंच म्हणाले, आणि निघंटु घेऊन खिडकीपाशी गेले.

स्वातंत्र्याच्या आदल्या साली ते गेले. तेराव्याचा मांडव उतरला नाही तोच कमिटीनं त्यांचे कोश रद्दीत काढले. कारण काय, तर "लिहून खराब केलेले". हे लिहितानाही माझं डोकं तापतं. एका माणसानं वीस वर्षं दारोदार विचारून जमवलेलं शहाणपण यांना खराब वाटलं! रद्दी घेणाऱ्या भुजियावाल्याच्या दुकानात मी पोचेपर्यंत निम्मी पानं पुड्यांना गेली होती. निघंटु तेवढा हाती लागला.

घरी आणून मी शेवटचं पान बायकोला वाचून दाखवलं, तिला वाचता येत नाही म्हणून. "कळलावी. पोटात देऊ नये. झाडीपट्टीत लेकरूही तोंडात घालत नाही. हा गुण शब्दकोशात नाही. एकाने तिथे पाहून चुकीचा सल्ला दिला. सांगणार : सगुणाबाई, माहेर अर्जुनी."

ती बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "लय कडू मानूस म्हनत होते ना तुम्ही? मंग तुमचं नाव काऊन नाही लिवलं त्यायनं?"