उत्तरापुरती जागा

रेडिओवर बोलणारी माणसं खूप असतील. रेडिओवर गप्प बसणारा माणूस मी एकच पाहिला. "नमस्कार मंडळी, ऐकताय ना?" एवढं विचारून काका माइकसमोर खुशाल थांबायचे. घड्याळ पळत असायचं, माझा जीव खालीवर व्हायचा आणि हे आपले मान जरा कलती करून बसलेले, जणू पलीकडचा माणूस चष्मा शोधून मग उत्तर देणार आहे. आम्ही त्यांना पाठीमागे थांबेकाका म्हणायचो.

टेक्सासात, फ्रिस्कोतल्या एका हॉस्पिटलात, गिफ्ट शॉपच्या मागे आमची रेडिओची चिमुकली खोली होती. तिथून बोललेलं पेशंटच्या खोलीतल्या टीव्हीवर एका चॅनेलला ऐकू जायचं. शनिवारी दुपारचा एक तास आम्हा मराठी व्हॉलंटियर्सचा. ऐकणारे बहुतेक मुलांकडे राहायला म्हणून आलेले आणि इथे आजारी पडलेले आईवडील. मी काही सेवाभावाने वगैरे गेले नव्हते. ऑफिसने व्हॉलंटियरिंगचं टुमणं लावलं होतं, आणि टेक्सासच्या उन्हात झाडं लावण्यापेक्षा एसीत बसून गाणी लावलेली बरी, एवढाच माझा विचार. काका मात्र इस्त्रीचा फुल शर्ट घालून यायचे.

"काका, रेडिओवर कोण बघतंय?"

"मी बघतो ना!"

पेशंटचं नाव माइकवर घ्यायचं नाही, हा हॉस्पिटलचा कडक नियम. काकांनी त्यावर आपली पद्धत काढली. कार्यक्रमाआधी ते खोल्याखोल्यांतून फिरायचे आणि आजार सोडून बाकी सगळं विचारायचे. मग माइकवर म्हणायचे, "पुढचं गाणं, इथला चहा ज्यांना चहाच वाटत नाही, त्या आजींसाठी." आजींना बरोबर कळायचं. एकदा मात्र "जावयाच्या घरी घोरायची लाज वाटते, त्या आजोबांसाठी" म्हणाले, आणि वेगवेगळ्या मजल्यांवरचे दोन आजोबा रुसले. काकांना दोघांची समजूत काढायला जावं लागलं.

लिंडा ही आम्हा व्हॉलंटियर्सची मुख्य. काका थांबले की ती मशीन बिघडलं समजून धावत यायची. एकदा तिने स्पष्टच सांगितलं, "रेडिओवर अशी शांतता, म्हणजे डेड एअर, चालणार नाही."

"डेड नाही, लिंडा," काका शांतपणे म्हणाले. "त्यात कोणीतरी बोलतंय. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

लिंडाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मलाही तेव्हा तो म्हातारपणचा हट्टच वाटत होता.

पुढे एकदा कॅफेटेरियात कॉफी पिताना त्यांनी सांगितलं. काकू याच हॉस्पिटलात वारल्या. स्ट्रोकने त्यांची वाचा गेली होती. "सगळे तिच्याशी भरभर बोलायचे. उत्तर येणार नाही म्हणून लगेच पुढचं. मीसुद्धा. एकदा प्रश्न विचारला आणि पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून नुसता बसलो. तर तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण 'हो' म्हणाली ती. मग मी उत्तरापुरती जागा सोडायला लागलो. फार दिवस नाही मिळाले गं."

या वर्षी काकाच तिथे पेशंट झाले. फुप्फुसं थकली होती. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी उगाच उत्साहाने विचारलं, "काका, शनिवारी तुमच्यासाठी कुठलं गाणं लावू?"

त्यांनी मास्क बाजूला केला. "गाणं नको. थांब फक्त. तू फार घाई करतेस."

शनिवारी मी माइकवर म्हणाले, "आता गाणं नको म्हणणाऱ्या एका काकांसाठी. ऐकताय ना?" आणि थांबले. त्या शांततेची मला भीती वाटली. हात सारखा पुढच्या गाण्याच्या बटणाकडे जात होता. पलीकडे ते जागे आहेत की नाहीत, टीव्ही तरी चालू आहे की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. तरी थांबले. लिंडा दारात येऊन उभी राहिली, तिला मी हातानेच थोपवलं.

कार्यक्रम संपताच वर धावले. त्यांची मुलगी प्राची खोलीबाहेर डोळे पुसत उभी होती.

"अगं, कालपासून बाबा आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी सारखी विचारत होते, पाणी हवंय का, उशी अ‍ॅडजस्ट करू का, नर्सला कॉल करू का. नो रिस्पॉन्स. आणि आत्ता टीव्हीकडे बघून मास्कच्या आत 'हो' म्हणाले. आय सॉ इट."

मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. तिला ती माहीतच नव्हती. ती आत गेली, खुर्ची पलंगाला लावून बसली आणि म्हणाली, "बाबा, मी इथे आहे. कळतंय ना?" आणि गप्प राहिली. मी दार लोटून घेतलं.

पुढच्या शनिवारच्या आत काका गेले.

त्या शनिवारी मी रेडिओच्या खोलीत एकटीच होते. काकांची खुर्ची रिकामी होती आणि मला त्यांची फार आठवण येत होती. "नमस्कार मंडळी, ऐकताय ना?" म्हटलं आणि थांबले. खूप वेळ थांबले, रडू आवरेपर्यंत थांबले.

लिंडा धावत आली नाही.