घामाच्या नळीचे तुकडे

घामाची मला पहिल्यापासून शिसारी. आणि नोकरी लागावी कुठे, तर भाईंदरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मेणात घट्ट केलेल्या कातडीचे पातळ काप काढायला! नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पंखा लावायचा नाही, काप उडतात. म्हणजे दुसऱ्याची कातडी कापताना माझ्याच हनुवटीवरून घाम ठिबकणार. शी! शांतीनगरला घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी जेवण जायचं नाही.

एकदा किनाऱ्यावरच्या पालीहून मासळी विकणाऱ्या एक मावशी आल्या. तळपायावर काळा डाग होता. तो साधा की कॅन्सरचा, हे लॅबचे डॉक्टर माझ्या कापांवरून ठरवणार होते. भेगांत काळी घाण, टाचेला खवले चिकटलेले. मी नाक मुरडलं आणि ते मावशींनी पाहिलं. डॉक्टरांनी मसुराएवढा तुकडा काढून माझ्याकडे दिला.

पहिला काप रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला. खाली घामाच्या ग्रंथीचा शेवयांसारखा गुंता, त्यातून वर निघालेली नळी, तिच्याभोवती पेशींचे दोन थर. ई, हे सगळं आपल्या अंगात! पण वरच्या जाड, मेलेल्या थरात नळी तुटलेली. एक तुकडा इथे, एक त्याच्या वर, एक त्याच्याही वर. मला वाटलं, पातं बोथट झालंय, काप फाटला. दिला कचऱ्यात टाकून. दुसरा तसाच, तिसराही तसाच. माझं डोकंच फिरलं. अख्खी नळी दिसेपर्यंत सोडायचंच नाही म्हणून कापत सुटले, आणि शेवटी नुसतं मेण उरलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तळपायाच्या त्या थरात नळी स्प्रिंगसारखी वळत वर जाते. सरळ कापल्यावर तुकडेच दिसणार! विचारायचंस तरी." माझे सगळे काप बरोबर होते, आणि सकाळीच कचरा गेला होता.

मावशींना परत बोलावलं. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा टाके. डाग साधाच निघाला, पण ते आठ दिवसांनी. परत बोलावलं त्या दिवशी त्या लंगडत आल्या, बाकावर बसल्या आणि पाय साडीखाली ओढून घेतला.

"जखम सोडून सगला पाय दगडानं घासून आनलाय, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "माझाच पाय घानेरडा हाय, म्हनून तुमचा तुकडा खराब जाला ना?"

मला माझीच किळस आली. तरी मी "हो" म्हणाले.