चाळीस खाटा, एक उभी पट्टी

आमची वहिनी कामाला बसली की माऊसला हात लावत नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि चालणारी बोटं, बस. पंधरा वर्षांपूर्वी ती या रुग्णालयात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा सर्व्हर कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. आज तो रुसला की आधी तिलाच बोलावतात. मी तिची नणंद आणि वरच्या वॉर्डाची हेडनर्स, त्यामुळे तिचं कौतुक माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला रुग्णालयाचे फोन नंबर बदलणार होते. माझ्या चाळीस खाटांच्या घंटा माझ्या टेबलावरच्या फोनवर वाजतात. सर्व्हरवर या घंटांची एक फाइल असते, तीत खाटेगणिक एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत जुन्या नंबराआधी ७२ घालायचं होतं. नाहीतर पेशंट बटण दाबत राहणार आणि मला पत्ताच नाही.

संगणक विभागाचे नवे साहेब स्वतःच बसले होते, वहिनी आणि मी मागे उभ्या. सगळ्या ओळींत एकदम लिहिता यावं म्हणून त्यांनी चाळीस ओळींवरून उभी पट्टी निवडली, ७२ टाइप केलं. ते पहिल्याच ओळीत उमटलं. साहेब वैतागले, कंट्रोल-सी दाबून त्यांनी लिहिणं थांबवलं आणि पुन्हा तेच. तीनदा. पहिल्या खाटेपुढे ७२७२७२, बाकीच्या कोरड्या. अकराला सात मिनिटं उरली होती.

"साहेब, उठता का जरा?" वहिनीने केलेलं सगळं पुसलं, पट्टी निवडली, ७२ टाइप केलं. पुन्हा पहिल्याच ओळीत!

"बघा, मी काय म्हणत होतो?" साहेब म्हणाले.

"अगं वहिनी, एकच ओळ बदलली!" माझाही जीव टांगणीला.

"ताई, साहेब, दोघंही गप्प बसा. लिहून झालं असं सांगितल्याशिवाय संगणक पुढच्या ओळींना हात लावत नाही. कंट्रोल-सी म्हणजे काम अर्ध्यावर टाकलं." तिने एस्केप दाबलं. चाळीसही ओळींत ७२ उभं राहिलं.

अकरा वाजल्यावर ती माझ्याबरोबर वॉर्डात आली. पडद्यावर तिचा विश्वास नाही. नर्सेसना तिने एकेक बटण दाबायला लावलं. फोन चाळीस वेळा वाजला. मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी तो तिला तोंडावर सांगून टाकला. ती लाजली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तेवीस नंबर.

"आता कोणी दाबलं?" वहिनीने विचारलं.

नर्सेस सगळ्या आमच्याजवळच उभ्या होत्या. तेविसाव्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास अडकला होता. मी धावले, आणि वेळेवर पोहोचले.