आधी अर्धा तास, मग शाल

माझ्या मावसभावाएवढा लाडका जावई अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि तो कुणाच्याही लेकीचा नवरा होणार नाही. टीव्हीवरच्या मालिकेत तो कित्येक वर्षं आदर्श जावयाचं काम करतोय. माझं एका पुरुषावर प्रेम आहे आणि आम्ही दोघं एकत्र राहतो, हे त्यानं मुलाखतीत सरळ सांगून टाकलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका दिवसभर हळहळल्या आणि संध्याकाळी मला विचारायला आल्या, की ते सगळं ठीक आहे हो, पण मालिकेतला जावई जेलातून सुटणार कधी? शूटिंग नसलं की तो इथंच असतो. औरंगपुऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना मेला डोळ्यांत खरं पाणी आणतो. भाजीवाली विरघळते, मग तिला पाहून हाही विरघळतो आणि तिची सगळी टोपली घेऊन घरी येतो. आठवडाभर आम्ही मेथी खातो. त्याचा जोडीदार शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर. तो निमूटपणे मेथी निवडत बसतो, म्हणून मावशी म्हणते, जावई म्हणून खरा हाच शोभतो.

शाळांचं तर माझ्या भावाला वेडच. स्नेहसंमेलन अजिंठ्याचं असो की देवगाव रंगारीचं, हा फुकट हजर. अट एकच, आधी शिक्षकांबरोबर दार लावून अर्धा तास. एखादा मुलगा नाजूक चालतो, एखाद्या मुलीला मुलीच आवडतात, म्हणून त्यांना नावं ठेवू नका, इतरांसारखंच शिकू द्या, एवढंच त्याला सांगायचं असतं. पण शाळा भारी हुशार. भजी खिलवतात, सेल्फी काढून घेतात आणि अर्धा तास नेमका वेळेअभावी रद्द होतो. शेवटी त्यानं नियमच केला, अर्धा तास झाल्याशिवाय खांद्यावर शाल घ्यायची नाही. एका गावात म्हणे हा पुढे आणि शाल घेऊन सरपंच मागे, असे दोघं मैदानभर फिरत होते.

मी शिकवते त्याच शाळेत तो लहानपणी शिकला. इथं तरी तो अर्धा तास मिळावा म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. यंदा आमच्या स्नेहसंमेलनाचा पाहुणा तोच होता. संस्थेच्या अध्यक्षांनी मात्र रिवाजाप्रमाणे सपत्नीक सत्कार मांडला. स्टेजवर दोन खुर्च्या, मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात साडी, नारळ, हळदीकुंकवाचं ताट. पाहुण्यांना पत्नी नाही हे मी दोनदा सांगितलं होतं, पण पाहुण्यांच्या घरची साडी चुकवायची कशी? बिचाऱ्या बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, पहिल्या रांगेतल्या जोडीदाराच्या हातात ताट दिलं आणि सुटल्यासारख्या परत आल्या. अध्यक्ष शाल उघडून उभे. भावानं हात जोडले आणि माईकवर म्हणाला, "आधी अर्धा तास, मग शाल."

पालकांना वाटलं, मालिकेतला डायलॉग. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष कानात कुजबुजले, उशीर झालाय, पुढच्या वर्षी नक्की. हा ढिम्म. एवढ्या लोकांसमोर शाल घेऊन ताटकळणं काही बरं दिसेना, तेव्हा पहिलीच्या मुलांचा नाच पुन्हा लावला आणि आम्ही सगळे शिक्षक त्याच्यासह शिक्षकखोलीत जमलो.

तिथं त्यानं भाषण केलं नाही. सातवीत मी कसा चालायचो ते दाखवतो म्हणाला आणि चालला. कमरेत हलकी लचक, हात सैल, मान जराशी तिरपी. कुणीतरी सवयीनं खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"कवायतीचे सर मला रोज प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर असं चालायला लावायचे. पोरं हसायची, सर पण हसायचे. मग मी आरशासमोर दुसरी चाल पाठ केली. मालिकेत ज्या चालीचं तुम्ही कौतुक करता ना, ती मी इथं भीतीनं शिकलोय. आता आणखी कुणाला शिकवू नका."

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, उद्यापासून या शाळेत कुणाच्या चालण्याबोलण्यावर हसायचं नाही, आणि सुरुवात आपल्यापासून.

मी भावाला म्हटलं, चल, अध्यक्ष खोळंबलेत. तो व्हरांड्यात आला आणि थांबला.

"अक्का, जरा थांब गं. लई वर्षांनी चाललो असं. थोडं चालू दे."

व्हरांड्याच्या टोकापर्यंत तो तसाच गेला, तसाच वळला. तेवढ्यात त्याला शोधत जोडीदार आला, साडी-नारळाचं ताट अजून हातातच. बघतच राहिला.

"हे मला कधी दाखवलं नव्हतंस," एवढंच म्हणाला आणि ताट सांभाळत त्याच्या शेजारी चालू लागला.

मी पदरानं डोळे पुसले आणि अध्यक्षांना सांगायला गेले, की शालीला अजून थोडा वेळ लागेल.