मोझॅकचा मिस्त्री

मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांची लाट आली, तेव्हा जो तो हॉलच्या दोन खोल्या करून भाड्याने देत होता. मी कशाला मागे राहतोय? इटालियन लोकांनी बांधलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि मधे भिंत घालायला एक म्हातारा इटालियन मिस्त्री बोलावला.

त्याने कार्पेट उचकटलं. खाली मळकट मोझॅकची फरशी निघाली. म्हातारा बूट काढून गुडघ्यांवर बसला आणि थुंकी लावलेला अंगठा फरशीवर घासला. तेवढ्याच जागेत लाल, हिरवे खडे असे चमकले, की मीही वाकलो.

"भिंत इथे," मी खडूची रेघ मारली.

त्याने ती मोज्याने पुसली. "मेट," तो इथल्या पद्धतीने दोस्तीत म्हणाला, "भिंत घालणारे शंभर मिळतील. ही फरशी करणारे आम्ही तिघंच उरलोय. त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत!"

झालं, भिंत रद्द, भाडेकरूही रद्द; तिथे आम्हीच राहायचं ठरलं! आठवडाभर तो मशीनने फरशी घासत होता, मी पाणी ओतत होतो.

"मिस्त्रीने मालकालाच कामाला लावलं," बायको म्हणाली. मग तिनेच भिंतींना विटकरी रंग निवडला, कोपऱ्यांत पिवळे दिवे लावले.

शेवटच्या दिवशी म्हातारा कोट घालून, आपल्या बायकोला घेऊन आला. हॉलच्या मधोमध त्याने तिचा हात धरला आणि तिला झोकात एक गिरकी घ्यायला लावली.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पाहुणे आले की मात्र मी दिवे लावतो आणि असा मिरवतो, जणू फरशी मीच केली आहे.