साडेसातवर लावलेली टेप

दारावर लिंबू-मिरची बांधू न देणारी, मांजर आडवं गेलं तरी ठरलेली बस पकडणारी तुमची आजी हे लिहिते आहे, एवढं आधी लक्षात घ्या. तुम्ही दोघं तिकडे इंजिनिअर. वाचून हसाल. हसा... मला स्वतःला या गोष्टीचं आजवर काही करता आलेलं नाही, म्हणून लिहून मोकळी होते.

साठ सालानंतरची गोष्ट. तुमचे आजोबा मुंबईत माहितीपटांचं एडिटिंग करत, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी आवाज जुळवत असे. तेव्हा चित्र एका फिल्मवर आणि आवाज वेगळाच. कोळीवाड्यांवरच्या आमच्या त्या फिल्मचा आवाज तर तीन तऱ्हांचा होता — होडीवर बॅटरीच्या यंत्राने घेतलेली टेप, गाण्यांच्या तबकड्या आणि एका जुन्या फिल्मच्या कडेला छापलेला आवाज. ते सगळं आधी एकाच जातीच्या, कडेला भोकं असलेल्या फितीवर उतरवायचं आणि मग चित्रातल्या ओठांशी जुळवायचं. बॅटरी उतरली असताना घेतलेलं बोलणं स्टुडिओत भरभर वाजे, माणसाचे ओठ हलायच्या आत त्याचं वाक्य संपे. मग ते पुन्हा उतरवा, पुन्हा जोडा. संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी बोलतही नसू. कानच नको म्हणायचे.

टेप सेकंदाला किती इंच सरकते यावर सारं अवलंबून. स्टुडिओतली यंत्रं पंधरा इंचांवर चालत, हातात नेण्याजोगी लहान यंत्रं फार तर साडेसातवर. पंधरावर भरलेली टेप साडेसातवर लावली, तर बाई पुरुषासारखी बोलते आणि पुरुष रेड्यासारखा रेकतो. दुप्पट वेळ रेकतो.

फिल्ममध्ये सगळ्यात छान बोलला होता आगरदांड्याचा धर्मा तांडेल. उंच, दांडगा, सारखा हसणारा. शूटिंग संपवून आम्ही परतलो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची होडी बुडाली. बाकीचे हाती लागले, धर्मा लागला नाही. फिल्म मात्र आमच्या टेबलावर तशीच पडून होती. रोज तो माझ्या कानाशी हसत होता.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोचा, येसूचा, निरोप आला. धर्माची आई तो गेला हे मानत नव्हती. रोज दुपारी त्याचं ताट वाढून झाकून ठेवी, कावळा शिवू नये म्हणून काठी घेऊन शेजारी बसे, आणि तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणे. नुसत्या चहावर हाडांचा सापळा झाली होती. दिवसकार्य तर तिने करूच दिलं नव्हतं. आता म्हणत होती, मुंबईवाल्यांच्या डब्यात माझा पोर आहे, त्यांना बोलवा.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटीने मुरूड, मग आगरदांडा. अंगाचा पार खुळखुळा झाला. घरापुढच्या खळ्यात आठ-दहा बायका जमल्या होत्या. आजोबांनी उसनं आणलेलं लहान यंत्र ओट्यावर ठेवलं, धर्माच्या बोलण्याची टेप अडकवली आणि थांबले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मी पंधरावर भरलीय."

"आणि हे मशीन?"

"साडेसात." त्यांचा चेहरा उतरला. दिवसभराच्या कामानंतर घाईत कॉपी काढली होती. हात सवयीने पंधरावर गेला.

मी म्हटलं, "मशीन बिघडलं म्हणून सांगू या. पुन्हा येऊ." त्या आईला पोराच्या जागी रेडा ऐकवायचा? तिने आणखीच हाय खाल्ली असती.

"काय कुजबुजता, बाय?" म्हातारी म्हणाली. "काढा ना त्याला भायेर."

"डब्यात मावंल का गो त्यो?" शेजारीण म्हणाली. "होडीत मावत नव्हता!"

"तू गप. तुझा नवरा मावंल, दोनदा." म्हातारीने स्वतःच हात पुढे करून मघाशी मी दाखवलेला खटका दाबला.

"ओ सायब, मागं सरा! डबा भिजंल तुमचा!"

धर्माचा आवाज. स्वच्छ, त्याच्याच पट्टीत, त्याच्याच वेगाने. मागोमाग ते हसणं. येसूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आजोबांनी वाकून वेगाचा खटका पाहिला, मीही पाहिला. साडेसातवरच होता. चकत्या संथ फिरत होत्या, साडेसातवर फिरतात तशाच.

जाळ्याबद्दल, वाऱ्याबद्दल तो बोलला. "चला, भरती आली," म्हणाला, आणि बोलणं संपलं. कॉपीही तिथेच संपत होती, मीच ती मोजून कापली होती. पण चकतीवर अर्धी टेप शिल्लक होती.

तिच्यावर वल्ह्यांचा आवाज आला. पाणी कापल्याचा. आधी अगदी जवळ, मग जरा पलीकडे, मग खाडीच्या तोंडाशी असावा तसा... म्हातारीने कान यंत्राला लावला होता. टेपचं टोक सुटून फडफडायला लागलं, तेव्हा ती सरळ झाली.

"लांब गेला," ती म्हणाली.

उठून तिने झाकलेलं ताट उचललं.

मुंबईत परतल्यावर आम्ही ती टेप स्टुडिओत पंधरावर लावली. बोलणं, हसणं, "चला, भरती आली" — आणि टेप संपली. वल्हं नाही, पाणी नाही. तेच लहान यंत्र पुन्हा आणून साडेसातवर लावली. धर्मा रेड्यासारखा रेकला, शेवटपर्यंत. यंत्र आतून खोलून पाहिलं, दुसऱ्या जाणत्यांना दाखवलं. आजोबा पुढे कित्येक वर्षं कागदावर आकडे मांडत आणि कागद चुरगाळून टाकत. मी मांडले नाहीत. तुम्हाला काही सुचलं तर कळवा, पण मला वाटत नाही सुचेल.

त्या दुपारी म्हातारीने ताट खळ्याच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं आणि काठी न घेता दूर झाली. कावळा लगेच आला. तो चोच मारेपर्यंत ती उभी राहिली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"येसू," ती म्हणाली, "मना पन वाढ."