हळदकुंकू लावलेले हात

चहा आवडला की तो अर्धा कप खाली ठेवायचा आणि त्याच्याकडे संशयानं बघत बसायचा. "थांबा मिस्त्री, ह्ये लईच आवडाय लागलंय." मग आठ दिवस चहा बंद.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती ढोंगी वाटतात. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. इंदापुरात तेलावरची इंजिनं दुरुस्त करायच्या एका दुकानात मी हेडमिस्त्री होतो आणि हा बाविशीचा ख्रिस्ती पोरगा माझ्या हाताखाली. हौसेनं मनगटी घड्याळ घेतलं, दोन दिवस सारखं बघत राहिला, तिसऱ्या दिवशी भावाला देऊन मोकळा. तुमच्यात मूर्तीच नाही, मग एवढा घोर कसला, असं मी त्याला एकदा विचारलं.

"मूर्ती दिसती तरी, मिस्त्री. ह्ये बाकीचं कवा आत देवाच्या जागी येऊन बसतं, कळत न्हाय."

माझा स्वभाव मुळातच संशयी, खोटं कशाला बोलू! हा खरंच प्रार्थनेला जातो की सिनेमाला, ते बघायला एका रविवारी मी त्याच्या मागोमाग एसटीच्या मोटारीनं बारामती गाठली. त्यांच्या ख्रिस्ती देवळाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. आत तो डोळे मिटून गात होता, सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत बेसूर. मला हसू आलं आणि रागही आला.

रागाचं कारण सांगून टाकतो. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं ओळखायचा. शेळगाव, कळसकडचे शेतकरी दारात येऊन "त्ये ख्रिस्ती पोरगं हाय का?" असं मलाच विचारायचे.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असायची. प्रत्येकानं आपापल्या पान्यांना हळदकुंकू लावायचं. हा लावणार नाही, हे मी मालकांच्या कानावर आधीच घालून ठेवलं होतं. मालक देवभोळे, तेव्हा पोराची सुट्टी होणार असं मी धरूनच चाललो होतो. त्यानं पाने लख्ख पुसून गोणपाटावर मांडले, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि कुंकवाचं ताट हळूच पुढं सरकवलं. मालकांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात पूजेला आलेले कळसचे एक आबा पुढं झाले. त्यांचं इंजिन मी भंगारात काढा म्हटलं होतं, ते यानं चालू करून दिलं होतं. आबांनी त्याच्या दोन्ही हातांनाच हळदकुंकू लावलं आणि त्यावर डोकं टेकवलं. मालक हसले. पूजा झाली म्हणाले, आणि त्याची नोकरी वाचली.

माझं पित्त खवळलं. जवळ जाऊन म्हटलं, "घावला बघ तुझा देव. तुझं हातच."

त्यानं रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं धुतले आणि न जेवता घरी गेला.

दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. नक्की कुठल्यातरी साखर कारखान्यात चिकटला असणार, असं मी म्हटलं. गिऱ्हाईक हटायला लागलं तेव्हा समजूत घालून आण म्हणून मालकांनी मलाच पाठवलं. तो शेळगावच्या एका मळ्यात वांगी खुरपत होता. तळहाताला फोड आले होते. विहिरीवरचं इंजिन ठोका चुकवत होतं, त्याचं लक्ष सारखं तिकडं जायचं आणि तो ते मागं ओढून आणायचा. जास्त पगार कुणी देऊ केलाय का, हेच मी पहिल्यांदा विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"समदी कौतुक करत व्हती, मिस्त्री. खरं बोलला ते तुमी एकलंच. इंजिन चालू झालं की मला देव आठवायचाच न्हाय, मीच आठवायचो." खुरप्याची माती झटकून म्हणाला, "आता तुमाला तसं वाटत नसंल, तर सांगा. उद्याच येतो."

मी जळून बोललो होतो, मनात काहीच नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. तो खुरपं हातात धरून वाट बघत होता.

"तुझं तू बघ," म्हणालो आणि सायकलवर टांग मारली. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही.

मालकांना येऊन सांगितलं, लई विनवलं, पण तो यायला तयार नाही.